गायीच्या अंगावर गाठी आणि रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी जास्त: ल्युकेमियाची तपासणी नेमकी कशी करायची

आरेपासून दहिसर, वसईपर्यंतच्या तबेल्यांतून मला व्हॉट्सॲपवर जे फोटो येतात त्यात एक प्रकार ठरलेला असतो. गायीच्या खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ, सोबत कोपऱ्यावरच्या लॅबचा रक्ताचा रिपोर्ट, त्यात एका आकड्यावर लाल खूण आणि खाली प्रश्न, "मॅडम, ब्लड कॅन्सर आहे का?" फोटो बघून याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तपासणीला एक क्रम आहे, तो क्रम पाळला तर कमी पैशात खरं उत्तर मिळतं आणि मुळात बरी होऊ शकणारी गाय "कॅन्सर आहे, सोडून द्या" म्हणून हातची जात नाही. माझा सगळा जीव या शेवटच्या गोष्टीवर आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी हे डोक्यात बसवा की प्रश्न एक नाही, तीन आहेत. गायीला विषाणूची लागण झालीय का, तिच्या रक्तात पेशी कायमच्या वाढल्यात का, आणि अंगात खरोखर ट्यूमर आहे का. तिन्हींची टेस्ट वेगळी आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. सगळा घोळ इथेच होतो.

विषाणूचं नाव बोवाइन ल्युकेमिया व्हायरस, थोडक्यात बीएलव्ही. 1969 मध्ये अमेरिकेत शोध लागला. हा रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे गायीच्या पांढऱ्या पेशींमधल्या बी लिम्फोसाइट नावाच्या पेशींच्या डीएनएमध्येच स्वतःला जोडून घेतो, त्यामुळे एकदा शिरला की गाय मरेपर्यंत जात नाही. पण लागण झाली म्हणजे कॅन्सर झाला असं अजिबात नाही. लागण झालेल्या 100 गायी घेतल्या तर साधारण 60-70 गायींना बाहेरून काहीच होत नाही, दूध देतात, गाभण राहतात, 30 एक गायींच्या रक्तात लिम्फोसाइट वाढलेले राहतात आणि ट्यूमर होतो तो 5 पेक्षाही कमी गायींना. तोही बहुतेक 3 वर्षांच्या पुढे, जास्त करून 5 ते 8 वर्षांच्या गायीत. म्हणून वयाचा दाखला पहिला विचारायचा. दीड वर्षाच्या कालवडीला गाठी आल्या तर बीएलव्हीचा संशय खूप खाली जातो. लहान वासरांत, कालवडींत आणि तरुण जनावरांच्या कातडीत येणारे लिम्फोमाचे, म्हणजे लिम्फोसाइटच्या ट्यूमरचे, वेगळे प्रकार आहेत, त्यांचा या विषाणूशी संबंध नसतो, ते क्वचित दिसतात आणि तिथे बीएलव्हीची टेस्ट निगेटिव्ह येऊनही ट्यूमर असू शकतो. म्हशींनाही बीएलव्ही लागू शकतो, पण इथे लिहिलेले आकडे गायींचे आहेत, ते म्हशीला जसेच्या तसे लावू नका.

हात लावून तपासणी

थर्मामीटर आधी. गायीचं नॉर्मल 101 ते 102.5 फॅरनहाइट. ट्यूमरच्या गायीला सहसा ताप नसतो. 104 च्या वर असेल तर ल्युकेमियाचा विचार बाजूला ठेवून गोचीडतापाच्या मागे लागायचं, त्याबद्दल खाली सांगते.

मग गाठी. नुसत्या लांबून बघू नका, हाताने चाचपा, आणि दोन्ही बाजूंच्या चाचपा. खांद्यापुढची गाठ शोधायची तर गायीच्या मानेशेजारी मागे तोंड करून उभं राहा, खांद्याच्या सांध्याच्या थोडं वर, मान आणि खांदा जिथे मिळतात त्या खळगीत चारही बोटं सपाट खुपसा आणि हाडाच्या पुढच्या कडेवरून पुढे ओढा. निरोगी गायीतही तिथे एक लांबट, उभी, मऊसर गाठ बोटाखालून सटकते, ती नॉर्मल आहे, ती बघून घाबरायचं नाही. म्हणूनच आधी चार-पाच धडधाकट गायींना हात लावून बघा म्हणजे हाताला माप कळतं. नंतर कुशीतली गाठ, मागच्या गुडघ्याच्या वर कातडीची जी घडी असते तिथे. मग जबड्याखालची, कानाखालची, आणि कासेच्या मागे वरच्या बाजूची. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहून ठेवा: केवढी, गरम की थंड, दाबल्यावर गाय पाय आपटते का, आणि एकाच बाजूला की दोन्हीकडे. ट्यूमरच्या गाठी सहसा थंड, टणक, न दुखणाऱ्या आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी असतात. गोचीडतापात गरम आणि दुखऱ्या.

पण बऱ्याच गायींना बाहेर एकही गाठ नसते आणि ट्यूमर आत असतो. हा विषाणू काही ठराविक अवयवांत ट्यूमर करतो. हृदयाच्या उजव्या बाजूला झाला तर मानेची शीर फुगून दिसते आणि मानेखालच्या पोळीत, छातीत पाणी साठतं, हुबेहूब चाऱ्यातून तार खाल्लेल्या आणि ती हृदयापाशी टोचलेल्या गायीसारखं. चौथ्या पोटात झाला तर शेण डांबरासारखं काळं येतं. पाठीच्या कण्यात झाला तर मागचे पाय लटपटतात आणि एक दिवस गाय बसते ती उठत नाही, कॅल्शियमच्या बाटल्या लावून लावून सगळे थकतात. गर्भाशयात झाला तर गाय वारंवार उलटते आणि हात घालून तपासल्यावर भिंत जाड, गोट्यागोट्यांची लागते.

आणि डोळा. वसईकडची एक सहा वर्षांची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, तिचा उजवा डोळा थोडा थोडा बाहेर येत होता, गोठ्यातल्या काकांना वाटलं काहीतरी लागलंय, ट्यूबमधलं मलम आणि ड्रॉप चालू होते. मी गेले तेव्हा पापणी पूर्ण मिटत नव्हती त्यामुळे बुबुळ सुकून पांढरं पडलं होतं, पण डोळ्यात जखम कुठेच नव्हती, डोळा मागून कुणीतरी ढकलल्यासारखा पुढे आलेला. हात फिरवला तर कुशीतल्या दोन्ही गाठी मोसंब्याएवढ्या. डोळा स्वतः चांगला असून खोबणीतून बाहेर येत असेल तर डोळ्याचं औषध बंद करून आख्खी गाय तपासायची, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

गोचीडताप आधी बाजूला काढा

आपल्याकडे संकरित गायींत गाठी सुजण्याचं फार मोठं कारण थायलेरिया आहे, म्हणजे गोचिडीतून येणारा परजीवी, आणि मुख्य म्हणजे त्यावर औषध आहे. ब्युपारव्हाक्वोनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर गाय उभी राहते. तीच गाय "गाठी आहेत, पांढऱ्या पेशींची गडबड आहे, ल्युकेमिया" म्हणून आठवडाभर ताटकळत ठेवली तर रक्त कमी होऊन मरते. म्हणून ताप असो नसो, गाठी असलेल्या प्रत्येक गायीच्या कानातल्या थेंबभर रक्ताची काचपट्टी करायची आणि सुजलेल्या गाठीत सुई घालून त्याचीही काचपट्टी करायची. गाठीच्या पट्टीत लिम्फोसाइटच्या आत निळसर ठिपक्यांचे गोळे दिसले की थायलेरिया. तबेल्यात पावसाळ्यात हीच शक्यता पहिली धरा.

बाकीच्यांतलं लम्पी ओळखायला सोपं, कातडीवर सगळीकडे गोल गाठी आणि ताप, 2022 मध्ये महाराष्ट्राने तो भरपूर बघितलाय. टीबीमध्येही गाठी वाढतात आणि गाय खंगते, त्याची त्वचेतली ट्युबरक्युलिन टेस्ट वेगळी आहे. नुसती खंगत चाललीय आणि पातळ हगवण थांबत नाही तर जोन्स नावाचा आतड्याचा जुनाट आजार. छातीत पाणी असेल तर तार खाल्लीय का हे आधी बघायचं, सोनोग्राफीची सोय झाली तर उत्तम. एकाच ठिकाणी इंजेक्शन दिल्यावर आलेली गाठ म्हणजे बहुतेक पू.

रक्त कसं घ्यायचं

हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्या, पण काय आणि कसं घेतलं जातंय ते तुम्हाला माहीत हवं. दोन नळ्या लागतात. लाल झाकणाची, त्यात रक्त गोठतं आणि वर सीरम येतं, ते अँटिबॉडीच्या, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांच्या, टेस्टला. आणि जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, त्यात रक्त गोठत नाही, ती सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी टेस्ट) यांना. जांभळी नळी भरल्या भरल्या 8-10 वेळा हळूच उलटसुलट करायची, हलवून फेस आणायचा नाही. लाल नळी भरल्यावर लगेच बर्फात टाकायची नाही, तास-दोन तास सावलीत उभी ठेवायची, सीरम सुटू द्यायचं, मग थंड करायची. दोन्ही थर्माकोलच्या डब्यात आईसपॅकसोबत, पण मध्ये वर्तमानपत्राचा जाड थर, कारण बर्फाला थेट टेकलं तर रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटतात आणि सॅम्पल वाया. जांभळी नळी कधीच फ्रीझरमध्ये नाही. 24 तासांच्या आत लॅबला. मुंबईत दुपारी वसईहून परळला निघालेलं सॅम्पल हायवेवर किती वेळ अडकतं हे सगळ्यांना माहितीय, तेव्हा रक्त सकाळच्या धारेनंतर घ्या आणि लगेच पाठवा.

नळीवर कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर लिहा, "काळी गाय" असं नको. सोबत चिठ्ठीवर वय, जात, किती वेळा व्यायली, शेवटची कधी व्यायली, गाभण किती महिन्यांची. व्यायल्याची तारीख का, ते पुढे येतं.

आणि प्रत्येक गायीला नवी सुई. याच्यावर मी भांडते. हा विषाणू रक्तातल्या पेशींमधून पसरतो आणि डोळ्यालाही न दिसणारं रक्त पुरतं, मायक्रोलिटरच्या हिशोबातलं. दहा गायींची टेस्ट एका सुईने केली तर तुम्ही टेस्ट करता करता रोग वाटलात.

सीबीसी वाचताना

माणसांच्या लॅबमध्ये गायीचं रक्त टाकलं की रिपोर्टवर लिम्फोसाइट 60 टक्के असं येतं आणि शेजारी लाल खूण, कारण माणसाचं नॉर्मल 20 ते 40. गायीच्या रक्तात मुळातच लिम्फोसाइट जास्त असतात, न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या जवळपास दुप्पट. 60-65 टक्के हे गायीला अगदी नॉर्मल आहे. त्यात मशीन माणसाच्या पेशींच्या मापावर सेट केलेलं, त्यामुळे पेशींची वाटणीही चुकीची पडू शकते. तेव्हा जनावरांच्या लॅबमध्येच द्या, आणि काचपट्टीवर डोळ्यांनी मोजणी करून मागा.

टक्के सोडा, आकडा काढा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटचे टक्के. समजा एकूण 9,000 आणि लिम्फोसाइट 65 टक्के, तर 5,850, काही झालेलं नाही. एकूण 18,000 आणि 75 टक्के तर 13,500, हे लक्ष देण्यासारखं. मोठ्या गायीत साधारण 2,500 ते 7,500 हे नॉर्मल, 10,000 च्या वर गेलं की संशय पक्का. वासरांत आणि कालवडींत आकडा मुळातच जास्त असतो, मोठ्या गायीचा नियम त्यांना लावू नका. पण एकदा वाढलं म्हणजे ठरलं नाही. कुठल्याही जुनाट इन्फेक्शनमध्ये वाढू शकतं. निदान 3 महिन्यांनी परत करून तरीही वाढलेलंच असेल तर त्याला कायमची लिम्फोसाइटवाढ म्हणायचं. आणि उलटही लक्षात ठेवा, लागण झालेल्या दोन तृतीयांश गायींचा सीबीसी नॉर्मल येतो, म्हणून सीबीसी चांगला म्हणजे बीएलव्ही नाही असं धरू नका.

लागण आहे का: एलायझा, एजीआयडी, पीसीआर

एलायझा आणि एजीआयडी दोन्ही अँटिबॉडी शोधतात. एजीआयडी जेलवर होते, स्वस्त, पण 2-3 दिवस लागतात आणि कमी अँटिबॉडी असतील तर सुटतात. एलायझा जास्त बारीक पकडते आणि दुधावरही करता येते. इथे आपल्या फायद्याची एक गोष्ट म्हणजे बाजारात बीएलव्हीची लसच नाही, त्यामुळे लाळ्या-खुरकुताच्या टेस्टमध्ये जसा लसीमुळे गोंधळ होतो तसा इथे होत नाही. मोठ्या गायीत अँटिबॉडी सापडल्या म्हणजे लागण आहे आणि ती आयुष्यभराची.

पण तीन जागी टेस्ट फसवते. पहिली, लागण नुकतीच झाली असेल तर अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी 3-4 महिने, म्हणून विकत आणलेली गाय पहिल्या टेस्टला निगेटिव्ह आली तरी 3-4 महिन्यांनी परत करायची. दुसरी, 6 महिन्यांच्या आतलं वासरू. पॉझिटिव्ह आईचा चीक प्यायलंय तर आईच्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात फिरत असतात, टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि वासरू निरोगी असतं. त्याला पीसीआर करा किंवा 6-7 महिन्यांचं होईपर्यंत थांबा. तिसरी, व्यायच्या आधीचे काही आठवडे ते व्यायल्यानंतरचे दोन आठवडे. त्या काळात गायीच्या रक्तातल्या अँटिबॉडी चिकात उतरतात, रक्तात कमी होतात, विशेषतः एजीआयडी निगेटिव्ह दाखवू शकते. चिठ्ठीवर तारीख लिहायला सांगितली ती यासाठी.

पीसीआर विषाणूचा डीएनए पकडते, जांभळ्या नळीतल्या रक्तावर होते, अँटिबॉडीची वाट बघावी लागत नाही. महाग आहे, म्हणून सगळ्या गोठ्याला नको, वासरं आणि संशयास्पद रिपोर्ट यांच्यापुरती ठेवा. क्वांटिटेटिव्ह पीसीआर मिळाली तर कुठल्या गायीच्या रक्तात विषाणूचा भार जास्त आहे तेही कळतं, म्हणजे दुसऱ्यांना लावण्याचा धोका कुणाकडून जास्त, हे ठरवता येतं.

सॅम्पल कुठे द्यायचं तर आपल्याला परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, पुण्यात औंधला सरकारची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. पण बीएलव्हीचे किट प्रत्येक लॅबमध्ये कायम नसतात, तेव्हा रक्त काढायच्या आधी फोन करून विचारा की ही टेस्ट सध्या चालू आहे का, नळी कुठली हवी आणि कोणत्या वारी घेता. डॉक्टर मिळत नसेल तर 1962 वर फोन लावा.

ट्यूमर आहे का: सुई आणि तुकडा

एलायझा पॉझिटिव्ह आणि अंगावर गाठ, तरीही ती गाठ ट्यूमरच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. बीएलव्ही पॉझिटिव्ह गायीला गोचीडतापही होऊ शकतो, गळूही होऊ शकतं. ते ठरवायला एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून बघणं. जागा भादरून, स्पिरिटने पुसून, गाठ एका हाताने घट्ट धरायची, बारीक सुई घालून सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा, सुई गाठीच्या आतच दोन-तीन दिशांना फिरवायची, दट्ट्या सोडायचा आणि मगच सुई बाहेर. दट्ट्या ओढलेलाच ठेवून सुई काढली तर सगळा माल सिरिंजमध्ये उडतो आणि काचपट्टीला काही उरत नाही. पट्टी पसरून हवेत वाळवायची, ओली बंद करायची नाही. एकाच साच्यातल्या मोठ्या, कोवळ्या लिम्फोसाइटची गर्दी दिसली की ट्यूमर. लहानमोठ्या, वेगवेगळ्या पेशींची सरमिसळ दिसली तर गाठ कुठल्यातरी इन्फेक्शनमुळे सुजलेली.

सुईने खात्री झाली नाही तर गाठीचा तुकडा काढून 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मलिन हवं. बाटलीत कोंबलेला मोठा तुकडा आतून सडतो आणि रिपोर्ट येत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

एलायझा पॉझिटिव्ह, सीबीसी नॉर्मल, गाठी नाहीत: गाय दुभती ठेवा, फक्त वेगळी बांधा आणि तिचं सगळं सगळ्यात शेवटी करा. एलायझा पॉझिटिव्ह आणि सीबीसी दोनदा वाढलेला: ती पसरवण्याच्या बाबतीत जास्त धोक्याची, तिला आधी वेगळं करा. एफएनएसीमध्ये ट्यूमर: याला उपचार नाही, हे मालकाला स्पष्ट सांगायचं. सलाईन, लिव्हर टॉनिक, महागडी इंजेक्शनं यात पैसा घालू नका. परदेशातल्या गाइडमध्ये सरळ लिहिलेलं असतं की पॉझिटिव्ह गाय कत्तलीला काढा. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे, तो रस्ता आपल्याकडे नाही, आणि तिला गुपचूप दुसऱ्याच्या गोठ्यात विकणं म्हणजे त्याच्या दावणीला रोग बांधणं. रिपोर्ट दाखवल्याशिवाय विकू नका. घेणाऱ्यांनीही मागितला पाहिजे. हा रोग 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा पक्कं निदान झालं की सरकारी दवाखान्यात कळवा.

एक गाय पॉझिटिव्ह आली की 6 महिन्यांवरची सगळी जनावरं तपासा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन ओळी करा, निगेटिव्ह ओळ दर 3 ते 6 महिन्यांनी परत तपासा, लागोपाठ सगळ्या निगेटिव्ह येईपर्यंत. मधल्या काळात सुई प्रत्येक जनावराला नवी, गाभण तपासणीचा लांब हातमोजा प्रत्येकीला नवा, शिंगं काढायचं, बिल्ला मारायचं हत्यार प्रत्येक वेळी धुऊन निर्जंतुक. तबेल्यांत पान्ह्याचं जे इंजेक्शन एकाच सिरिंजने ओळीत टोचत जातात ते बेकायदा तर आहेच, पण बीएलव्हीसाठी त्याहून सोपी वाट नाही. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माशांचा बंदोबस्त करा. वासराला शक्यतो निगेटिव्ह गायीचा चीक द्या. आईच्या पोटातच लागण होण्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे पॉझिटिव्ह गायीच्या कालवडीवर लगेच फुली मारू नका.

दुधाचं सगळे विचारतात. उकळल्यावर किंवा पाश्चराइज केल्यावर हा विषाणू मरतो. माणसाला यामुळे आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, काही संशोधकांना माणसाच्या शरीरात याचे अंश सापडले, काहींना नाही सापडले, तो वाद चालू आहे. कच्चं दूध मात्र पिऊ नका, ते टीबी आणि ब्रुसेलामुळेही नको. ट्यूमरच्या आजारी गायीचं दूध विक्रीत घालूच नका.

गाय दगावली तर पोस्टमॉर्टेम करून घ्या, पुरायची घाई करू नका. हृदयाचा उजवा कप्पा, चौथं पोट, गर्भाशय, मूत्रपिंड, पाठीचा कणा आणि फुगलेल्या गाठी, या प्रत्येकातून बोटाच्या पेराएवढा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवायला डॉक्टरांना सांगा. ट्यूमर कापल्यावर पांढरट-पिवळसर, चरबीसारखा पण घट्ट दिसतो, आणि चरबी समजून तो सहज सुटतो, म्हणून संशय आला त्या प्रत्येक जागेचा तुकडा पाठवा, बाटलीवर बिल्ल्याचा तोच 12 अंकी नंबर टाकून.